आधी कोटेशनमध्ये पूर्ण नावं लिहून घे

प्रश्न : मी फैजपूरचा, कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्यांदाच गेमिंग पीसी घेतोय. मॉनिटर वगैरे सगळं धरून बजेट ७५ हजार, त्याच्या वर घरून एक रुपया मिळणार नाही. सध्या व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, पुढे नवे मोठे गेमही खेळायचे आहेत. दोन कोटेशन आणली आहेत. पहिलं ४२ हजारांचं : ‘आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ एसएसडी, आरजीबी कॅबिनेट विथ एसएमपीएस, २२ इंची मॉनिटर’. दुसरं ६८ हजारांचं : ‘रायझन ५ ५६००जी, ए५२० बोर्ड, ८ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ५०० एसएसडी, ४५० वॉट एसएमपीएस, मॉनिटर’. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, पत्र्याची. घरी इन्व्हर्टर आहे. यातलं कोणतं घेऊ? की ऑनलाइन मागवून स्वतः जोडू?
— एक वाचक, फैजपूर

उत्तर :

भाऊ, पहिलं कोटेशन सोडून दे. दुसरं दुरुस्त करून घेण्यासारखं आहे.

पहिल्यात ‘आय-७’ लिहिलंय, पण कितव्या पिढीचा ते नाही. या भावात मिळणारा आय-७ बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असतो, म्हणजे २६०० किंवा ३७७०. हे २०११-१२ चे प्रोसेसर. ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मशीनमधून ते काढतात आणि नव्या कोऱ्या एच६१ मदरबोर्डावर बसवून विकतात. बोर्ड नवा, डबा नवा, दिवे नवे, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं मशीन नवं. त्यात ४ कोर आणि जुनी डीडीआर३ रॅम एवढंच, आणि आजकालच्या काही गेमना लागणारी एव्हीएक्स२ ही सोय त्यात नाहीच, ती चौथ्या पिढीपासून आली. तुझा मुख्य अडसर वेगळाच आहे. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी सुरू लागतात, आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतच नाही. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे ४२ हजार देऊन पहिल्या दिवसापासून जुगाड करत बसायचं.

त्यातलं ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ हेही असंच अर्धवट. जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळतं आणि ते गेमिंगचं कार्ड नव्हे, जास्तीचे मॉनिटर जोडायला ठीक आहे. कार्डाची ताकद जीबीवरून ठरत नाही. ती आतल्या चिपवरून आणि मेमरीच्या जातीवरून ठरते. म्हणून कुठल्याही दुकानात पहिली अट ही ठेव : कोटेशनच्या प्रत्येक ओळीत कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि वॉरंटीची वर्षं. जो दुकानदार ‘तू घे रे, मी सांगतो ना’ म्हणतो आणि लिहून देत नाही, त्याचा चहा पिऊन बाहेर पड.

आता दुसरं. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये फिरलास तर साधारण अशीच कोटेशन चार दुकानांत हातात पडतील. फसवणूक म्हणता येणार नाही, पण पैसे चुकीच्या जागी गेलेत.

५६००जी मधल्या ‘जी’ चा अर्थ, ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे. वेगळं कार्ड घेणारच असशील तर ते आतलं ग्राफिक्स पडून राहणार. वर त्याची किंमत दुसऱ्या बाजूने मोजावी लागते. ५६००जी मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरची स्वतःची झटपट मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये, जिथे कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त घाम गाळतो, हा फरक फ्रेममध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांत) दिसतो. शिवाय ५६००जी पीसीआयई ३ (कार्ड आणि प्रोसेसरमधली वाट) वरच थांबतो, ५६०० ला पीसीआयई ४ आहे. तेव्हा रायझन ५ ५६०० घे, सोबत पंखा येणारा बॉक्स पॅक. एकच लक्षात ठेव, त्यात आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीही येणार नाही आणि ‘बोर्ड गेला’ म्हणून घाबरायचं कारण नाही. इंटेलचा आय-५ १२४००एफ त्याच भावात मिळाला तर तोही तितकाच चांगला, त्यातही ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. मात्र त्याला बोर्ड वेगळा लागतो, एच६१० किंवा बी६६०, आणि तो डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा हे बोर्डाच्या नावात बघून घे. दोन्हींच्या खाचा वेगळ्या, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

रायझनसाठी बोर्ड बी५५० मिळाला तर उत्तम, नाहीतर बी४५० चालेल. बी४५० असेल तर खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ची पट्टी बघ. जुन्या साठ्यातला निघाला तर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय ५६०० ओळखणारच नाही, आणि अपडेट करायला जुना प्रोसेसर तू कुठून आणणार? एम.२ ची (एसएसडी बसवायची) खाच आणि रॅमच्या ४ खाचा असलेला बोर्ड असेल तर पुढे रॅम वाढवायला सोपं जातं. तुझ्या बजेटमध्ये एएम५, म्हणजे रायझनच्या नव्या जातीच्या बोर्डांच्या नादी लागू नको. तिथे रॅम डीडीआर५ च लागते आणि २०२५ च्या शेवटापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव इतके चढलेत की कार्डातले पैसे काढून रॅममध्ये घालावे लागतील.

रॅमचंच बोलतोय तर, ८ जीबीची एक पट्टी ही दुसऱ्या कोटेशनमधली सगळ्यात वाईट काटकसर आहे. एका पट्टीवर प्रोसेसरला मेमरीची एकच वाट मिळते, दोन पट्ट्यांवर दोन. ८-८ च्या दोन पट्ट्या, डीडीआर४, ३२०० स्पीड, एकाच खोक्यातल्या जोडीच्या. बोर्डाला ४ खाचा असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. पहिल्या-दुसऱ्यात घातल्या तर दोन पट्ट्या असूनही काम एकाच वाटेने चालतं आणि कोणी सांगत नाही. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडवर चालवायची सेटिंग) सुरू कर. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रांगत राहते.

कार्ड. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत, ८ जीबीचं आणि ६ जीबीचं. ६ जीबीवाल्यात नुसती मेमरीच कमी नाही, कोरही कमी आहेत (२३०४, मोठ्यात २५६०) आणि मेमरीची वाटही अरुंद, १२८ बिटऐवजी ९६. त्याचा एकच गुण : ७० वॉट खातं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. जुन्या ऑफिसच्या डब्यात घालायला छान. नवं मशीन बांधताना मात्र आरएक्स ६६०० ८ जीबी हे त्याहून स्पष्ट वेगवान आहे आणि १०८० पीमध्ये तुझं काम निभावेल. आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ५०५० ८ जीबी तुझ्या मर्यादेत बसलं तर ते घे. आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नकोस. त्याला पीसीआयईच्या चारच लेन आहेत आणि ४ जीबी भरली की गेम अडखळतो. इंटेल आर्कची कार्डं मोहात पाडतील, पण त्यांना बायोसमध्ये रिसायझेबल बार नावाची सेटिंग सुरू लागते आणि मध्यम प्रोसेसरवर ती पूर्ण जोर दाखवत नाहीत.

सेकंडहँड कार्ड घ्यायचंच असेल तर ‘आरएक्स ५८० २०४८ एसपी’ हे नाव लक्षात ठेव. ते नावाचं ५८०, आत ५७० ची चिप. आणि कुठलंही जुनं कार्ड दुकानातच जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर लावून तपासून बघ. बायोस बदलून जुन्या कार्डाला नव्याचं नाव दिलेलं असेल तर बऱ्याचदा ते नावापुढे तसं दाखवतं. मग पंधरा मिनिटं फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी चालव. दुकानदार पाच मिनिटांत ‘बस झालं ना’ म्हणायला लागला तर कार्ड तिथेच ठेव.

आता ज्या वस्तूवर कोणी भांडत नाही ती, एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. तुझ्या दोन्ही कोटेशनमध्ये कंपनीचं नाव नाही. कॅबिनेटसोबत आलेला ‘४५० वॉट’चा डबा हातात घे, वजनाने रिकामा वाटेल. मग बाजूचं लेबल वाच. +१२व्ही लिहिलेल्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघ आणि १२ ने गुण. साध्या डब्यावर तिथे १४ ए असं काहीतरी असतं. १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टच्या रेषेवर जगतात. ५६०० जोरात चालताना साधारण ७५ वॉट, आरएक्स ६६०० १३२ वॉट, म्हणजे दोघेच २०७. ‘४५०’ हा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेषा बेरजेत धरून, किंवा निव्वळ मनाने, छापलेला असतो. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ ए च्या आसपास दिसतं, म्हणजे ५४० वॉट. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दाखला), ५५० वॉट, नावाजलेली कंपनी, किमान ५ वर्षं वॉरंटी. ५०० रुपये वाचवायला इथे हात आखडू नकोस. स्वस्त एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही, बोर्ड आणि कार्डालाही सोबत नेतो.

यावल-रावेर पट्ट्यात विजेची कटकट तुला मी काय सांगू. घरच्या इन्व्हर्टरवर ‘साइन वेव्ह’ लिहिलंय की ‘स्क्वेअर वेव्ह’ ते आज बघ. स्क्वेअर वेव्ह असेल तर पीसी त्यावर लावायचा नाही, चांगल्या एसएमपीएसला तो आकार मानवत नाही. साइन वेव्ह आणि ९०० व्हीएच्या आसपास असेल तर मागच्या बाजूला ‘यूपीएस’ आणि ‘इन्व्हर्टर’ किंवा ‘इको’ असा खटका असतो, तो यूपीएसवर कर. इन्व्हर्टर मोडमध्ये लाइन गेल्यावर बदल व्हायला वेळ लागतो आणि एसएमपीएस जेमतेम १६ मिलिसेकंद दम धरतो. यूपीएस मोडमध्ये बदल त्याआधी होतो. एक अडचण मात्र आहे. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली आलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल तर लाइन असूनही बॅटरी संपेल. जोडल्यावर गेम चालू ठेवून घरचा मेन एमसीबी खाली पाड. मशीन तसंच चालू राहिलं तर वेगळा यूपीएस नको, ४-५ हजार वाचले. रीस्टार्ट झालं तर १००० व्हीएचा यूपीएस घे. ६०० व्हीएचा म्हणजे ३६० वॉटचा, कागदावर पुरतो, पण मॉनिटर धरून पावणेतीनशे वॉटचा भार आला आणि बॅटरी वर्षभर जुनी झाली की ऐन वेळी टीं करून बंद.

अर्थिंगचं आधी बघ. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, तेव्हा लोक एसएमपीएसला शिव्या घालतात. प्रत्यक्षात प्रत्येक एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किंचित गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात, करंट अगदी कमी, पण मुंग्या येण्यापुरता पुरेसा. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावायला सांग. २-३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. फेज-अर्थ २३० च्या जवळ नसेल तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तारच नाही असं समज. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, एप्रिल-मे मध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत राहा.

खोली पत्र्याची आहे हे तू सहज लिहिलंस, पण अर्धा निर्णय त्यातच आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ ला जातो, आणि पत्र्याखाली दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्तच. ५६०० ची मर्यादा ९० अंश. खोलीच ४५ असेल तर सोबत आलेल्या छोट्या पंख्याला मोकळीक उरते ४५ अंशांची. काचेचं तोंड असलेलं आरजीबी कॅबिनेट घेऊ नको, ते समोरून श्वासच घेत नाही. समोर जाळी, मागे एक आणि पुढे दोन असे १२० मिमीचे पंखे. उन्हाळ्यात गेममध्ये फ्रेमची मर्यादा ७५ किंवा १०० वर बांध, कार्ड लगेच थंड पडतं आणि मॉनिटर तेवढंच दाखवणार असेल तर तोटा काहीच नाही. तरी प्रोसेसर ८५ च्या वर राहिला तर १,५००-२,००० चा प्रोसेसरवरचा मोठा टॉवर कूलर नंतर लावता येतो, आधीच नको. आणि डेझर्ट कूलरच्या झोतात पीसी ठेवायचा नाही. झोतासोबत पाण्याचे बारीक थेंब येतात, त्यात आपल्याकडची काळी धूळ बसली की पंख्याच्या पात्यांवर चिखल होतो. कूलरची मोटर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरही नको. महिन्यातून एकदा ब्लोअर मार, पण पंख्याची पाती बोटाने धरून. हवेने ती भन्नाट फिरली की बेअरिंग जाते.

पैशाची वरची मर्यादा अशी बांध : कार्ड २४ हजार, प्रोसेसर १०, बोर्ड साडेसात, रॅम ९, ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी ५, एसएमपीएस ५, कॅबिनेट साडेतीन, २२-२४ इंची १०० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर साडेसात. झाले साडेएकाहत्तर. उरलेले साडेतीन कीबोर्ड-माउस आणि वायरमन. यूपीएस लागलाच तर आरएक्स ६६०० वर थांब, एसएमपीएसला हात लावू नको. रॅम महाग झाली तरी १६ च्या खाली जाऊ नको, त्याऐवजी मॉनिटर दोन महिने थांबव आणि घरच्या टीव्हीवर चालव. भाव आठवड्यात हलतात, म्हणून कोटेशनवर तारीख आणि ‘किती दिवस लागू’ हे लिहून घे.

स्वतः जोडायला जमेल का? जमेल. चार जागी मुलं अडकतात. पहिली, कूलर. ५६०० सोबतचा कूलर बसवण्यापूर्वी बोर्डावरच्या दोन काळ्या प्लास्टिक पट्ट्या ४ स्क्रू काढून वेगळ्या करायच्या असतात. ते स्क्रू निघताच बोर्डाच्या मागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते. म्हणून बोर्ड त्याच्याच खोक्यावर आडवा ठेवून, खालून प्लेट हाताने धरून काम कर. कूलरच्या बुडाला पेस्ट लावूनच येते, तिला बोट लावू नको. चारही स्क्रू आधी दोन-दोन आटे, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळ. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर कूलर तिरका बसतो आणि मशीन सुरू होऊन मिनिटभरात तापतं.

दुसरी, केबल. प्रोसेसरची ८ पिनची आणि कार्डाची ८ पिनची केबल सारखी दिसते. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते ती ४+४ अशी चिरलेली, ‘सीपीयू’ लिहिलेली. कार्डाची ६+२. नेटाने दाबून उलटी बसवू नको. तिसरी, कॅबिनेटमधले पितळी खांब. बोर्डाची भोकं जिथे आहेत तिथेच ते लाव, एखादा जास्तीचा खांब बोर्डाखाली राहिला तर शॉर्ट. मागची आय-ओ पट्टी (यूएसबी वगैरेच्या भोकांची पत्र्याची पट्टी) बोर्डाच्या आधी बसते, नाहीतर सगळं परत उघडावं लागतं. चौथी सगळ्यात साधी. एचडीएमआय बोर्डाला नाही, कार्डाला लावायची, आणि विंडोजमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १०० निवडायचा.

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी खोक्यावरच प्रोसेसर, कूलर, रॅम, कार्ड जोडून एकदा चालू करून बघ. पॉवर बटण नसतं, तेव्हा बोर्डावरच्या ‘पीडब्ल्यूआर’च्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव. बायोस दिसला, रॅम १६ दाखवली की मग डब्यात. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घे. दुकानदाराने टाकून दिलेलं ‘रेडीमेड’ विंडोज नको. व्हॅलोरंटसाठी बायोसमध्ये एफटीपीएम (रायझनमधला टीपीएम) आणि सिक्युअर बूट सुरू आहेत ना ते तपास.

ऑनलाइन की जळगाव? कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस शक्यतो जळगावातून, कारण बिघाड झाला तर नेऊन दाखवायला माणूस असतो. एसएसडी आणि रॅममध्ये ऑनलाइन हजार-दोन हजार वाचत असतील तर खुशाल मागव, खोकं फोडतानाचा सलग व्हिडिओ मात्र काढ, सीलपासून सिरियल नंबरपर्यंत. बिल पक्कं जीएसटीचं, आणि त्यावर कार्ड, बोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस यांचे सिरियल नंबर छापून घे. ‘कच्चं बिल घेतलंस तर १८ टक्के वाचतील’ असं कोणी म्हटलं तर नको म्हण. ३ वर्षांची वॉरंटी त्या कागदावरच चालते. खोकी वर्षभर टाकू नको, आणि कार्ड कुरिअरने पाठवायची वेळ आली तर तेच खोकं वापर.